वांचलेलें गांव

आमच्या मॅट्रिकच्या इतिहासाच्या पुस्तकांत बल्गेरिया देशाच्या वांट्याला दीड ओळ आली होती. १८७८ सालीं बर्लिन येथें तह झाला आणि त्या तहानें बल्गेरिया हें राज्य नव्यानें नकाशावर आलें, एवढीच ती दीड ओळ. ती मीं पाठ केली व परीक्षेंत लिहिली. पुढें शिक्षक झाल्यावर तीच ओळ मुलांकडून पाठ करून घेतली, आणि ज्याचा सन चुकला त्याचा अर्धा गुण कापला. त्या सनामागें कोणाचीं घरें होतीं व कोणाचीं मुलें होतीं, हें मीं कधीं विचारलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर कोणा विद्यार्थ्यानेंही मला तें विचारलें नाहीं. नोकरींतून निवृत्त झाल्यावर, अगदीं अनपेक्षितपणें, त्या दीड ओळींतल्या एका गांवीं जाण्याचा योग मला आला. त्या गांवाविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें.

जांवयांच्या नोकरीनिमित्त माझ्या मुलीचा संसार कांहीं वर्षें सोफिया शहरांत होता. तिच्याकडे गेलों असतां तिनें विचारलें, "अप्पा, मोठीं शहरें पाहण्यापेक्षां एखादें जुनें डोंगरी गांव पाहूं या का?" मीं होकार दिला, आणि मे महिन्याच्या अखेरीस आम्ही कोप्रिव्श्तित्सा या गांवाला निघालों. श्रोतेहो, या नांवाला भिऊं नका. मलाही तें जिभेवर बसण्यास दोन दिवस लागले. 'कोप्रिवा' म्हणजे अंगाला लागली असतां खाजकुइलीसारखी आग करणारी एक वनस्पति. तिच्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. पुढें ऐकाल तें ऐकल्यावर, हें नांव गांवाला शोभतें असें आपणांसही वाटेल.

सोफियाहून हें गांव पूर्वेस सुमारें ११० किलोमीटरांवर आहे. आगगाडी दोन पर्वतांच्या मधल्या खोऱ्यांतून धांवते. डावीकडे बाल्कन पर्वताची उंच रांग असते. तिला तेथील लोक 'स्तारा प्लानिना' म्हणजे जुना पर्वत म्हणतात. उजवीकडे 'स्रेद्ना गोरा' ही ठेंगणी, झाडींनीं भरलेली रांग असते. सुमारें दोन तासांनीं आपलें स्थानक येतें. परंतु स्थानकावर उतरून गांव शोधूं लागलों तर तें कोठेंच दिसत नाहीं. तें तेथून नऊ-दहा किलोमीटर आंत डोंगरांत आहे. गाडीच्या वेळेस एक लहानशी बस येते, ती वळणें घेत आपणांस वर नेते. अखेर एका वळणावर तोपोल्नित्सा नदीचें खोरें उलगडतें आणि सुमारें १०६० मीटर उंचीवर, नदीच्या दोन्ही कांठांना, लाल कौलांची वस्ती दिसूं लागते. गांवांत दोन-अडीच हजारांच्या आसपासच माणसें राहतात.

गांवांत शिरतांच पहिली गोष्ट जाणवते ती भिंतींची. दगडगोट्यांच्या अरुंद गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंस पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती. भिंतीच्या माथ्यावर पाऊस निथळावा म्हणून कौलें घातलेलीं असतात, आणि मधूनमधून जाड फळ्यांचे, लोखंडी खिळ्यांचे दरवाजे लागतात. आंत काय आहे याचा बाहेरून पत्ता लागत नाहीं. या भिंती कोणत्याहि हौसेनें बांधलेल्या नाहींत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तुर्की साम्राज्याची पकड सैल झाली, तेव्हां 'कर्जाली' नांवाच्या लुटारूंच्या टोळ्या या मुलखांत माजल्या. १७९३, १७९९ आणि १८०४ अशा अवघ्या अकरा वर्षांत तीन वेळां त्यांनीं हें गांव लुटलें व जाळलें. तीनहि वेळां लोक परत आले आणि त्यांनीं पुन्हां घरें उभीं केलीं. आज आपण जीं घरें पाहावयास जातों तीं बहुतेक या तिसऱ्या आगीच्या नंतरचीं आहेत.

एवढें बळ या गांवांत आलें कोठून? त्याचें उत्तर लोंकरींत आहे. डोंगरउतारावर शेती थोडी, परंतु गवत मुबलक. म्हणून लोक मेंढ्या व गुरें पाळीत. कोणी जनावरांचे मोठे व्यापारी झाले, कोणी सरकारसाठीं मेंढ्यांवरील कर गोळा करण्याचा मक्ता घेत, आणि पुष्कळांनीं जाड लोंकरी कापड विणून त्याचे कपडे शिवण्याचा धंदा धरला. या कापडाला 'अबा' म्हणतात. साम्राज्य जुलमी होतें, पण त्याची बाजारपेठ अफाट होती. या डोंगरांतली अबा इस्तंबूल, आशिया मायनर आणि थेट इजिप्तपर्यंत जाई. व्यापारी वर्षानुवर्षें परमुलखांत राहत आणि पैसा, रंग, नवे विचार व नवीं पुस्तकें घेऊन घरीं परतत. पुढें ज्या साम्राज्याविरुद्ध हें गांव उठलें, त्याच साम्राज्याच्या बाजारावर तें श्रीमंत झालें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढच्या कथेंत ती दोनदां उपयोगी पडेल.

या व्यापाऱ्यांचीं घरें कशीं होतीं हें पाहावयाचें तर ओस्लेकोव्ह यांच्या घरीं जावें. तें १८५३ ते १८५६ या काळांत बांधलें गेलें. दर्शनी बाजूस सडपातळ लांकडी खांबांची ओसरी आहे. हे खांब देवदारी सुवासाच्या सायप्रस वृक्षाचे असून लेबनॉनहून आणले असें सांगतात. त्यांच्या वरच्या भिंतीवर युरोपांतील शहरांचे देखावे रंगविले आहेत. तळमजला थंड व साधा, सामानसुमानासाठीं व कामधंद्यासाठीं. वरच्या मजल्यावर मात्र प्रत्येक दालनाचा रंग निराळा, प्रत्येक छत कोरीव लांकडाचें. खिडक्यांच्या खालीं भिंतीलगत बसण्याचे बांक आहेत व त्यांवर लोंकरीच्या जाजमांच्या बैठका आहेत. खुर्च्या थोड्या. भिंतींतल्या कोनाड्यांभोंवतीं फुलांचे झेले आणि कुंड्या चितारल्या आहेत. या घराचा धनी नेंचो ओस्लेकोव्ह हा अबेचा बडा व्यापारी होता. उंबरठ्यावरून बाहेर येतांना त्याचा शेवट ऐकला आणि आंत पाहिलेले सगळे रंग क्षणभर उतरल्यासारखे वाटले. परंतु तो शेवट क्रमानें येईल.

जातिवंत मास्तराचे पाय शेवटीं शाळेकडे वळतात. नदीजवळच्या एका साध्या इमारतींत संत सिरिल व मेथोडियस यांच्या नांवाची जुनी शाळा आहे. हे दोघे बंधु नवव्या शतकांतले. स्लाव्ह भाषांना त्यांनीं लिपि दिली म्हणून बल्गेरियांत त्यांना मोठा मान आहे. ही शाळा १८३७ ची. त्यापूर्वीं येथें मुलें मठाच्या किंवा देवळाच्या खोलींत भिक्षूपुढें बसून प्रार्थनापोथी घोकीत. १८३७ सालीं नेओफित रील्स्की नांवाचा विद्वान् भिक्षु या गांवांत शिक्षक म्हणून आला आणि त्यानें नवी पद्धति आणली. एकच शिक्षक, मुलें शंभरावर. तेव्हां शिक्षकानें मोठ्या मुलांना शिकवावें, मोठ्या मुलांनीं लहानांना शिकवावें, आणि लहानांनीं वाळू पसरलेल्या पाटावर बोटानें अक्षरें गिरवावीं.

श्रोतेहो, हें ऐकून मी थबकलों. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंतली धूळपाटी आपणांपैकीं कित्येकांनीं वाडवडिलांच्या तोंडून ऐकली असेल. आणि हें साम्य योगायोगाचें नाहीं. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मद्रासेंतील एका अनाथालयावर अँड्र्यू बेल नांवाचा स्कॉटिश पाद्री देखरेखीस होता. त्यानें तेथील देशी शाळेंत मुलांना वाळूंत अक्षरें गिरवतांना पाहिलें, आणि तीच रीत आपल्या अनाथालयांत सुरू केली. शिक्षक अपुरे पडले तेव्हां मोठ्या मुलांवर लहानांना शिकविण्याचें काम सोंपविलें. १७९७ सालीं त्यानें लंडनमध्यें या प्रयोगाची हकीकत छापली. तेथें लँकेस्टर नांवाच्या दुसऱ्या शिक्षकानेंही अशीच पद्धति चालविली, आणि दोघांच्या नांवांनीं ती साऱ्या युरोपभर पसरली. रील्स्कीनें ती बुखारेस्टला जाऊन शिकून घेतली, १८३५ सालीं गाब्रोव्हो येथील शाळेंत चालविली, आणि दोन वर्षांनीं या डोंगरांत आणली. मद्रासेच्या धुळींतलें अक्षर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीं बाल्कन पर्वताच्या कुशींत उमटलें! आपल्या देशांतल्या ज्या अनामिक पंतोजीची मुलें बेलनें पाहिलीं, त्याला याची वार्ताही नसेल.

या शाळेंतला एक विद्यार्थी नाय्देन गेरोव्ह. तो पुढें रशियांत ओडेसा येथें शिकला आणि १८४६ सालीं परत येऊन त्यानें आपल्याच गांवांत इयत्तावार शाळा सुरू केली. बल्गेरियांतील या प्रकारच्या अगदीं पहिल्या शाळांत तिची गणना होते. वाळूच्या जागीं पुस्तकें आलीं. इतिहास, भूगोल व विज्ञान हे विषय आले. आणि तेंही ग्रीक भाषेंत नव्हे, बोलल्या जाणाऱ्या बल्गेरियन भाषेंत. याच गेरोव्हनें पुढें आपल्या भाषेचा मोठा कोश रचला. या लहानशा गांवानें किती माणसें दिलीं तें पाहा. ल्युबेन कारावेलोव्ह हा लेखक व क्रांतिकारक येथला. त्याचा धाकटा भाऊ पेत्को हा स्वतंत्र राज्यकारभार सुरू झाल्यावर पंतप्रधान झाला. त्यांचें घरहि आज पाहावयास खुलें आहे. शाळा आधीं आली आणि बंदूक नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आतां त्या बंदुकीकडे येऊं. १८७६ च्या वसंतऋतूंत बल्गेरियाच्या निरनिराळ्या भागांत उठावाची तयारी चालली होती. या प्रांताचे प्रतिनिधि जवळच्या पानाग्युरिश्ते गांवाबाहेर, ओबोरिश्ते नांवाच्या रानांत जमले आणि १ मे हा दिवस ठरला. प्रतिनिधींपैकीं एकजण फितूर झाला. तुर्की शिपाई कोप्रिव्श्तित्सा येथें तोदोर काब्लेश्कोव्ह या तरुणाला पकडण्यास आले, आणि ठरल्या दिवसाची वाट पाहणें अशक्य झालें. जुन्या पंचांगाप्रमाणें तो २० एप्रिलचा दिवस होता. आजच्या पंचांगाप्रमाणें २ मे. नदीच्या एका ओढ्यावर १८१३ सालीं बांधलेला दगडी कमानीचा लहानसा पूल आहे. आपल्या गांवच्या ओढ्यावर असावा तसा. त्यावरून दोन बैलगाड्याहि एकदम जाणार नाहींत. त्या पुलापाशीं पहिली गोळी सुटली. आजहि त्याला 'पहिल्या गोळीचा पूल' म्हणतात.

हा काब्लेश्कोव्ह कोण? त्याचें घरहि आपणांस पाहतां येतें. १८४५ सालचें, गोलाईदार दर्शनाचें सुंदर घर. तो १८५१ सालीं जन्मला, सुखवस्तु घरांत वाढला, इस्तंबूलच्या नामांकित विद्यालयांत शिकला आणि पुढें बेलोव्हो या स्थानकावर रेल्वेचा स्टेशनमास्तर झाला. म्हणजे चांगली नोकरी, चांगलें घर, आणि वय वर्षें पंचवीस. त्या दिवशीं त्यानें पानाग्युरिश्तेच्या साथीदारांना पत्र लिहिलें कीं आम्ही सुरुवात केली आहे, तुम्हीही दिलेला शब्द पाळा. त्यावर मेलेल्या पहिल्या शत्रूच्या रक्ताची खूण केली. म्हणून इतिहासांत तें 'रक्ताचें पत्र' म्हणून प्रसिद्ध आहे. घोडेस्वार तें घेऊन दौडला, पानाग्युरिश्तेंत तें वाचलें गेलें आणि तेथेंही घंटा वाजूं लागल्या. तेथें गेओर्गि बेन्कोव्स्की हा पुढारी होता, तोही कोप्रिव्श्तित्साचाच. त्याचें खरें नांव गाव्रिल ख्लातेव्ह. एका पोलिश माणसाच्या पारपत्रावर तो वावरत असे, त्यावरून हें नांव त्याला चिकटलें. गांवावरच्या टेकडीवर त्याचा घोड्यावर बसलेला भव्य पुतळा आहे.

उठाव थोडेच दिवस टिकला. तोफा नव्हत्या, म्हणून चेरीच्या झाडाचीं खोडें पोखरून, लोखंडी पट्ट्यांनीं आवळून तोफा केल्या होत्या. तशी एखादी तेथें ठेवलेली पाहिली कीं हसावें कीं रडावें तें कळत नाहीं. साम्राज्याची फौज आणि 'बाशीबझूक' म्हणजे बेशिस्त भाडोत्री टोळ्या मुलखावर सुटल्या. शेजारचें क्लिसुरा गांव जळलें. पानाग्युरिश्ते जळलें. दक्षिणेकडच्या रोडोपे डोंगरांतल्या बाताक गांवांत तर बायकामुलांसह हजारों माणसांची कत्तल झाली. बेन्कोव्स्की बाल्कनांत गोळीनें ठार झाला. काब्लेश्कोव्ह पकडला गेला, त्याचे हाल हाल केले गेले, आणि गाब्रोव्हो येथील पोलीसकचेरींत त्यानें स्वतःला गोळी घालून घेतली.

आणि कोप्रिव्श्तित्सा? ज्या गांवानें पहिली गोळी झाडली, जेथून रक्ताचें पत्र सुटलें, तें गांव वांचलें. तेथील धनिक व्यापाऱ्यांनीं सेनाधिकाऱ्यांना व टोळ्यांना प्रचंड खंडणी मोजली आणि आगीपासून गांव सोडवून घेतलें. मघाशीं म्हटलें होतें, बाजाराचा पैसा कथेंत दोनदां उपयोगी पडेल; हा पहिला प्रसंग. परंतु त्या पैशानें घरें सुटलीं, माणसें सर्व सुटलीं नाहींत. ओस्लेकोव्हनें बंडवाल्यांसाठीं कपडे शिवून दिले होते. त्याबद्दल त्याला प्लोव्दिव्ह शहरांत फांशी दिलें. सायप्रसचे खांब आज जागच्या जागीं आहेत.

त्या पुलाच्या कठड्यावर मी बराच वेळ बसलों होतों. मुलीनें मला विचारलें, "अप्पा, त्यांनीं खंडणी दिली हें बरोबर केलें का?" आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारण्याची संवय, उत्तर देण्याची पाळी आली तेव्हां मला सुचेना. क्लिसुरा आणि पानाग्युरिश्ते यांनीं या गांवच्या हांकेला ओ दिली आणि तीं जळलीं. हांक देणारें गांव मात्र उभें राहिलें. हें ऐकून प्रथम मन खट्टू होतें. परंतु दुसरी बाजूही आहे. ज्या आईच्या घरांत तीन लेंकरें झोंपलीं होतीं, तिच्या दाराशीं मशाल आली असतां तिजोरींतली मोहोर वांचवून ठेवावी असें म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मीं मुलीला एवढेंच म्हटलें कीं खंडणी देणाऱ्यांना दोष देऊं नये, आणि जळलेल्या गांवांना विसरूं नये. यापेक्षां चांगलें उत्तर मला अद्यापि सांपडलेलें नाहीं. मला वाटतें त्या गांवालाही हें ठाऊक आहे. चौकाच्या मध्यभागीं त्यांनीं उठावांत पडलेल्यांच्या अस्थि ठेवलेली समाधि बांधली आहे, आणि दरवर्षीं मेच्या पहिल्या दिवसांत उठावाचा प्रसंग त्या काळच्या वेषांत, त्याच गल्ल्यांतून, पुन्हां उभा करतात.

बाताकची बातमी लपली नाहीं. मॅगाहन नांवाचा अमेरिकन बातमीदार तेथें गेला, त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें लंडनच्या 'डेली न्यूज' पत्रांत लिहिलें. ग्लॅडस्टन यांनीं १८७६ च्या सप्टेंबरांत त्यावर पुस्तिका काढली, आणि युरोप हादरला. पुढच्या वर्षीं रशियानें तुर्कस्थानशीं युद्ध पुकारलें. ३ मार्च १८७८ रोजीं सान स्तेफानो येथें तह झाला. तोच दिवस आज बल्गेरियाचा राष्ट्रीय दिन आहे. पण मोठ्या राष्ट्रांना तो तह मानवला नाहीं, आणि जुलैमध्यें बर्लिन येथें नवा तह होऊन देशाचे तुकडे झाले. कोप्रिव्श्तित्सा पर्वताच्या दक्षिणेस पडल्यामुळें नव्या राज्यांत न येतां सुलतानाच्या अधिसत्तेखालील 'पूर्व रुमेलिया' या प्रांतांत गेलें, आणि १८८५ सालीं दोन्ही भाग एक झाले तेव्हां कोठें तें राज्याला मिळालें. ही माझ्या पुस्तकांतली दीड ओळ! मीं शिकविलें कीं बर्लिनच्या तहानें बल्गेरिया झाला. ज्या गांवानें त्यासाठीं पहिली गोळी झाडली, तें गांव त्याच तहानें सात वर्षें बाहेर ठेवलें होतें.

आतां बाजाराचा दुसरा प्रसंग. स्वातंत्र्य आलें आणि साम्राज्याची बाजारपेठ तुटली. मधे सरहद्दी आल्या, जकाती आल्या. कारखान्याचें स्वस्त कापड आलें. अबेला गिऱ्हाईक राहिलें नाहीं. धनिक कुटुंबें सोफियाला व प्लोव्दिव्हला निघून गेलीं, आणि वाड्यांना कुलपें लागलीं. नवें बांधावयास पैसा नव्हता, म्हणून जुनें पाडलें गेलें नाहीं. अशा रीतीनें खंडणीनें वांचलेलें गांव दुसऱ्या वेळीं गरिबीनें वांचविलें. तिसऱ्या वेळीं मात्र तें माणसांच्या शहाणपणानें वांचलें. १९५२ सालीं सारें गांवच संग्रहालय म्हणून घोषित झालें, पुढें कायद्यानें राखीव ठरलें, आणि साडेतीनशेंहून अधिक इमारतींची स्मारकें म्हणून नोंद झाली. खिडकी बदलावयाची तरी नियम पाळावा लागतो. १९६५ पासून साधारणतः दर पांच वर्षांनीं ऑगस्टच्या सुमारास गांवाबाहेरच्या कुरणांवर लोकगीतांची मोठी जत्रा भरते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजारों खेडूत गायक-वादक येतात. २०१६ सालीं युनेस्कोनेंही परंपरारक्षणाचा उत्तम नमुना म्हणून तिची नोंद घेतली.

जाणाऱ्यांसाठीं कांहीं उपयोगाच्या गोष्टी सांगतों. गांवांत सहा घरें संग्रहालयें म्हणून उघडीं आहेत, आणि सर्वांसाठीं मिळून एकच तिकीट घेतां येतें. मात्र आठवड्याच्या आरंभीं एखादें दार बंद सांपडण्याचा संभव असतो, म्हणून सोमवार-मंगळवार टाळावा. एक रात्र तरी मुक्काम करावा. दिवसाचे प्रवासी परतल्यावर नदीचा आवाज ऐकूं येऊं लागतो. जेवणाची आपल्यासारख्यांना अडचण पडत नाहीं. दही तर त्यांचा प्राण. ज्या सूक्ष्म जीवाणूमुळें तें लागतें तो स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकानें १९०५ सालीं हुडकून काढला. दह्यांत काकडी, लसूण, शेपू व अक्रोड घालून 'ताराटोर' नांवाचें गार सार करतात. तें प्यालों आणि घरच्या कोशिंबिरीची आठवण झाली. एक खबरदारी मात्र घ्यावी. तेथें 'नाहीं' म्हणावयाचें असतां मान वरखालीं हलवितात, आणि 'होय' म्हणतांना डावीउजवीकडे. पहिल्या दिवशीं मीं दह्याची दुसरी वाटी मान डोलावून मागितली, आणि वाढणाऱ्या बाईनें भांडें उचलून नेलें!

भाषा मात्र कानाला सर्वस्वीं परकी लागत नाहीं. तुर्कांच्या अमलाखालीं पुष्कळ फारसी-अरबी शब्द तेथें गेले, जसे मुसलमानी अमलांत ते आपल्याकडे आले. दुकानाला ते 'द्युक्यान' म्हणतात, संदुकेला 'संदुक', मैदानाला 'मेग्दान', पैलवानाला 'पेहलिवान' आणि बक्षिसाला 'बक्शिश'. याहून जुनें नातें संस्कृताशीं आहे. अग्नि म्हणजे 'ओगन', आणि जिवंत म्हणजे 'जीव'! स्लाव्ह भाषा व आपल्या भाषा एकाच मोठ्या कुळांतल्या, हें पुस्तकांत वाचलें होतें. तें एका दुकानदाराच्या तोंडून ऐकण्याचा आनंद निराळा.

वेळ असेल त्यानें आसपासही हिंडावें. चालणाऱ्यांसाठीं बोग्दान हें १६०४ मीटर उंचीचें शिखर आहे. स्रेद्ना गोरा रांगेंतलें तें सर्वांत उंच, आणि वाट 'बीच' वृक्षांच्या गार रानांतून जाते. उत्तरेस डोंगर उतरलें कीं क्लिसुरा. तेथून पूर्वेस गुलाबाचें प्रसिद्ध खोरें पसरत जातें. मे-जूनमध्यें पहांटे, दंव असतां, फुलें खुडतात. ऊन चढलें कीं सुवास उडूं लागतो. एक किलो तेल काढण्यास तीन हजार किलोंहून अधिक पाकळ्या लागतात. जळालेल्या क्लिसुरेच्या शिवारांत गुलाब फुललेले पाहिले, तेव्हां मघाचा प्रश्न पुन्हां मनांत आला. खोऱ्यांत पुढें सोपोत लागतें. तें इव्हान व्हाझोव्ह या कादंबरीकाराचें जन्मगांव, आणि याच उठावावर त्यानें लिहिलेली 'जोखडाखालीं' या अर्थाच्या नांवाची कादंबरी तेथें घरोघर वाचतात. दक्षिणेस पानाग्युरिश्ते. तेथें ८ डिसेंबर १९४९ रोजीं कौलांसाठीं माती खणतांना तिघां भावांना सोन्याचीं नऊ भांडीं सांपडलीं. त्यांचें वजन सहा किलोंहून अधिक, आणि तीं सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वींच्या थ्रेस लोकांचीं. ज्या गांवाच्या वर सर्व राख झालें, त्याच्या पोटांत एवढें सोनें स्वस्थ पडून होतें.

शेवटीं एकच स्थळ सांगून संपवितों. गांवांत १८१७ सालचें, निळ्या भिंतींचें, ठेंगणें देऊळ आहे. त्याच्या आवारांत दिमचो देबेल्यानोव्ह या कवीची समाधि आहे. तो १८८७ सालीं याच गांवांत जन्मला. वडील वारल्यावर लहानपणींच त्याला गांव सोडावें लागलें. वडिलांच्या घरीं संध्याकाळीं परत यावें, दारांत म्हातारी आई वाट पाहत असावी, या विषयावरची त्याची कविता प्रत्येक बल्गेरियन मुलाला ठाऊक असते. पहिल्या महायुद्धांत तो आपण होऊन आघाडीवर गेला आणि १९१६ च्या २ ऑक्टोबरला, एकोणतिसाव्या वर्षीं, ग्रीसच्या मुलखांत पडला. पंधरा वर्षांनीं, १९३१ सालीं, त्याच्या अस्थि येथें आणल्या. समाधीवर शिल्पकार इव्हान लाझारोव्ह यानें कवीचा पुतळा उभारला नाहीं. एक म्हातारी जमिनीवर बसली आहे, हात गालाला टेकला आहे, आणि ती रस्त्याकडे पाहत आहे, एवढेंच त्या शिल्पांत आहे.

वांचलेल्या गांवांत माणसें वांचलेलीं असतात असें नाहीं. तेथें वाट पाहणारींही असतात. मुलांना सन शिकवावे. त्यांवांचून इतिहास उभा राहत नाहीं. परंतु आज पुन्हां वर्गावर उभा राहण्याचा प्रसंग आला, तर १८७८ हा सन फळ्यावर लिहिण्यापूर्वीं मी मुलांना त्या बसलेल्या म्हातारीविषयीं सांगेन, आणि ज्याला सन आठवणार नाहीं त्याचा अर्धा गुण बहुधा कापणार नाहीं.